आदळणारे दार

दार ही वस्तू मनुष्याच्या इतक्या नित्य परिचयाची आहे की, तिजकडे मुद्दाम लक्ष देण्याचा प्रसंग बहुधा दोनच वेळा येतो. एक, ते उघडत नाही तेव्हा. आणि दुसरा, ते धाडकन आदळते तेव्हा. पहिल्या प्रसंगी आपण तत्काळ सुतारास बोलावणे पाठवितो, कारण न उघडणाऱ्या दाराने आपले काम अडते. दुसऱ्या प्रसंगी मात्र कोणाचे काही अडत नाही. दार आदळते, भिंत हादरते, शिक्षकाचे वाक्य अर्ध्यावर तुटते, चार मुले मान वळवून पाहतात, आणि क्षणात सर्व पूर्ववत सुरू होते. जे अडत नाही ते दुरुस्त करावयाचे नाही, हा आपल्या लोकांचा फार जुना आणि फार महाग पडणारा नियम आहे. अशाच एका न अडणाऱ्या गोष्टीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय क्षुद्र वाटेल; तथापि वाचकांनी तो शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे. ह्या विषयाच्या एका टोकास मळसूत्राचा पाव फेरा आहे, आणि दुसऱ्या टोकास माणसांचे प्राण आहेत.

आपल्या भाषेत दार मिटण्याच्या क्रियेस निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद मोठा अर्थपूर्ण आहे. दार 'लोटले' म्हणजे ते चौकटीपर्यंत नेले, परंतु कडी घातली नाही. वाऱ्याच्या झुळुकीने ते पुन्हा उघडू शकते. दार 'लावले' म्हणजे ते चौकटीत नीट बसविले आणि कडी अडकविली. दार 'आपटले' म्हणजे ते मिटले खरे, परंतु त्या मिटण्यात रागाचा किंवा बेपर्वाईचा अंश आला. जुन्या वाड्यांतील कवाडे सागवानी आणि जड असत. त्यांना अडसर, कडी, कोयंडा सर्व काही असे, परंतु ती आपण होऊन मिटत नसत. मिटविणारा हात दाराबरोबर शेवटपर्यंत जाई आणि तोच त्याचा लगाम होई. सुनेने अगर मुलाने दार आपटले, तर घरातील वडील माणसे दारास दोष देत नसत, हातास देत.

सांप्रत शाळा, रुग्णालये, कचेऱ्या आणि उंच इमारती ह्यांतील पुष्कळशा दारांपाशी हा हात राहिलेला नाही. त्याच्या जागी दाराच्या माथ्यावर एक लांबट धातूची पेटी आणि तिला जोडलेला कोपरासारखा वाकणारा दांडा बसविलेला असतो. ह्यासच डोअर क्लोजर म्हणतात. मनुष्य दार ढकलून आत जातो आणि पुढे चालू लागतो. मागे दार मिटविण्याचे काम हे यंत्र करिते. दार आपोआप हलविण्याची कल्पना काही नवी नाही. अलेक्झांड्रियाच्या हीरोने देवळाची दारे अग्नी, पाणी आणि वजने ह्यांच्या साह्याने उघडण्याची व मिटण्याची युक्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वर्णिली आहे. परंतु दार मिटविणे ही एक गोष्ट, आणि ते न आदळता मिटविणे ही दुसरी. नुसती स्प्रिंग किंवा दोरीस बांधलेले वजन दार मिटवील, पण आदळूनच मिटवील. दाराची गती आवरून धरणाऱ्या यंत्राच्या इतिहासात अमेरिकेतील लुईस सी. नॉर्टन ह्यांचे नाव घेतले जाते, आणि बोस्टन येथील ट्रिनिटी चर्चच्या दारांशी व १८७७ ह्या वर्षाशी त्यांच्या यंत्राचा आरंभ जोडला जातो. विशाल मंदिरात प्रार्थना चालू असता वाऱ्याने दारे आदळू लागली म्हणजे काय होते, ह्याची कल्पना आमच्या वाचकांना सहज येईल.

ह्या यंत्राची अंतर्रचना विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी अशी सुबोध आहे. पेटीच्या पोटात एक बळकट स्प्रिंग असते, एक दट्ट्या असतो, आणि उरलेली जागा तेलाने भरलेली असते. दार उघडले की दांडा फिरतो, दांड्याचे दंतचक्र दट्ट्यास सरकविते, आणि दट्ट्या स्प्रिंगेस दाबितो. म्हणजे दार उघडणाऱ्याने जो जोर लाविला, त्यातलाच काही भाग स्प्रिंगेत साठून राहतो. यंत्राजवळ स्वतःचे बळ काहीच नाही; आपण उघडताना दिलेले बळच ते मिटताना परत देते. आता हात सोडल्यावर स्प्रिंग एकदम ताठ होऊ पाहते. ती तशी होऊ दिली, तर दार बंदुकीच्या गोळीसारखे चौकटीवर जाईल. परंतु दट्ट्यास परत येण्यासाठी समोरचे तेल बाजूस सारावे लागते, आणि त्या तेलास जाण्यास फक्त सुईच्या अग्रासारख्या बारीक झडपांची वाट ठेविलेली असते. वाट अरुंद तितके तेल सावकाश जाते, आणि तेल सावकाश तितके दार सावकाश जाते. ह्या वाटा कमी-जास्त करणारी लहान मळसूत्रे पेटीच्या अंगावर बाहेरून दिसतात. दाराचा सारा स्वभाव त्या मळसूत्रांत आहे.

बहुतेक चांगल्या यंत्रांना अशी निदान दोन मळसूत्रे असतात, आणि ती दोन असण्यातच ह्या विषयाचे मर्म आहे. पहिले मळसूत्र दाराची मोठी चाल सांभाळते. म्हणजे पूर्ण उघड्या स्थितीपासून चौकट हातभर राहीपर्यंतची. दुसरे मळसूत्र अखेरचा टप्पा सांभाळते; म्हणजे शेवटच्या सुमारे दहा-पंधरा अंशांचा. ह्या अखेरच्या टप्प्यात दारास एक अवघड काम करावयाचे असते. कुलपाची जीभ चौकटीवरील पट्टीस घासून मागे सरली पाहिजे, आणि नंतर पुढे येऊन खाचेत बसली पाहिजे. त्यास काही जोर लागतोच. जोर कमी पडला तर दार नुसते लोटलेले राहते. जोर अधिक झाला तर ते आपटते. लोटणे आणि आपटणे ह्यांच्या मधोमध 'लावणे' आहे. तेवढी जागा त्या दुसऱ्या मळसूत्राच्या पाव फेऱ्यात साधावयाची असते. कित्येक यंत्रांस तिसरेही मळसूत्र असते. दार उघडताना कोणी अविचाराने ढकलले, तर ते भिंतीवर जाऊन आपटू नये म्हणून उघडण्याच्या शेवटी ते अडवणूक करिते.

हे सर्व इतके सोपे असता आपल्याकडे आदळणाऱ्या दारावर कोणते उपाय होतात ते पाहावे. पहिला उपाय सहन करण्याचा. दार दिवसातून दोनशे वेळा आदळते आणि वर्षभराने कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. फक्त नवीन आलेला शिक्षक पहिला आठवडाभर दचकतो. दुसरा उपाय दगडाचा. दाराखाली एक वीट, कुंडी, लाकडाची पाचर किंवा तुटक्या बाकाचा तुकडा ठेवून दिला की आदळणे थांबते. तिसरा उपाय ह्याहून शूरपणाचा. कोणीतरी स्टुलावर चढतो, दांड्याचा स्क्रू काढतो, आणि दांडा लोंबता सोडून देतो अथवा पेटीवर मुडपून ठेवितो. त्या दिवसापासून दार अगदी शांत होते, आणि सर्वजण त्या मनुष्याचे आभार मानितात. ह्या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. दार का आदळते, हा प्रश्न त्यांपैकी एकानेही विचारलेला नसतो.

येथे कोणी म्हणेल की, दगड ठेविल्याने बिघडले काय? दार उघडे राहिले, हवा खेळू लागली, आवाज बंद झाला. ह्याहून अधिक काय पाहिजे? हा प्रश्न रास्त आहे, आणि सामान्य खोलीच्या सामान्य दारापुरते त्याचे उत्तर 'काही बिघडले नाही' असेही देता येईल. परंतु कोणते दार सामान्य आणि कोणते नव्हे, हे दगड ठेवणारास ठाऊक असते काय? जिन्याच्या तोंडाशी, लांब बोळाच्या मध्यभागी किंवा रसायनशाळेस लागून जे दार आपोआप मिटणारे बसविलेले असते, ते आपल्या सोयीसाठी बसविलेले नसते. ते आगीसाठी आणि विशेषतः धुरासाठी बसविलेले असते. आग लागली असता जिना हाच सुटकेचा मार्ग असतो. आणि जिन्याचे दार उघडे राहिले तर तोच जिना धुराचे धुराडे होतो.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. दिनांक ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट ह्या १९ मजली इमारतीत एका बिऱ्हाडात विजेच्या शेगडीमुळे आग लागली. ज्वाला मुख्यत्वे त्या बिऱ्हाडापुरत्या व त्याबाहेरील बोळापुरत्याच राहिल्या. परंतु त्या बिऱ्हाडातील माणसे जीव घेऊन बाहेर पडली तेव्हा त्यांच्या मागे जे दार आपोआप मिटावयाचे ते मिटले नाही, आणि वर पंधराव्या मजल्यावरील जिन्याचे दारही उघडे राहिले. धूर जिन्याने वर चढला. सतरा माणसे मेली. त्यांत आठ मुले होती. ती ज्वाळांनी जळून मेली नाहीत, धुराने गुदमरली. दारे आपोआप मिटणारी असावीत असा त्या शहराचा कायदा होता, आणि दारे तशी बसविलेलीही होती. उणीव होती ती एवढीच की, ऐन वेळी ती मिटली नाहीत.

त्यापूर्वी १४ जून २०१७ रोजी लंडन येथील ग्रेनफेल टॉवर ह्या २४ मजली इमारतीस आग लागून ७२ माणसे मृत्यू पावली. तेथील अनर्थाचे मुख्य कारण इमारतीच्या बाह्यांगावरील ज्वालाग्राही आवरण हे होते, ह्यात संशय नाही. तथापि चौकशीत असेही दिसून आले की, कित्येक बिऱ्हाडांच्या दारांवरील मिटविणारी यंत्रे मोडलेली, काढून टाकलेली किंवा दांडा सोडविलेली होती, आणि त्यामुळे धूर बोळांत शिरण्यास साह्य झाले. त्या चौकशीच्या २०१९ मधील पहिल्या अहवालात अशी शिफारस करण्यात आली की, अशा इमारतींतील ही यंत्रे चालू स्थितीत आहेत किंवा नाहीत हे निदान दर तीन महिन्यांनी तपासावे. पुढे इंग्लंडात जो नियम झाला, तो २३ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. त्यान्वये ११ मीटरांहून उंच निवासी इमारतींत सामाईक जागेतील दारे दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. एका प्रगत राष्ट्रास इतक्या प्राणांचे मोल देऊन जी गोष्ट कायद्यात लिहावी लागली, ती दाराच्या माथ्यावरील एका दांड्याविषयी आहे, हे वाचकांनी ध्यानात आणावे.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा झालेला आहे. त्याप्रमाणे इमारतीतील आगीविरुद्धची साधने सुस्थितीत ठेवण्याचा भार मालकावर व वापरणारावर आहे, आणि तसा दाखला दर वर्षी जानेवारीत व जुलैत द्यावयाचा असतो. परंतु दाखला वर्षातून दोन दिवसांचा असतो; दार उरलेल्या सर्व दिवसांत आदळत असते. तपासनीस येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी वीट पुन्हा आपल्या जागी येते. ती वीट कोणी दुष्टपणाने ठेवीत नाही. रात्री दाराच्या आवाजाने ज्याच्या घरातील तान्हे मूल उठते, तो बाप ती ठेवितो. म्हणून केवळ 'वीट ठेवू नये' अशी पाटी लावणे हा उपाय नव्हे. दार आदळावयाचे थांबले की वीट आपोआप जाईल. दार आदळत राहिले तर दहा पाट्या लाविल्या तरी वीट राहील. हा आमच्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा आहे. आवाजाची जी तक्रार आपण क्षुल्लक म्हणून सोडून देतो, तीच संरक्षणाचे साधन मोडून टाकण्याचे पहिले कारण होते.

आग ही क्वचित् येणारी आपत्ती होय. परंतु लहान मुलांची बोटे ही नित्याची गोष्ट आहे. शिशुवर्गातील मूल दाराच्या कडेस हात ठेवून उभे राहते, कारण त्याच्या उंचीस तेच धरण्याजोगे असते. सावकाश येणारे दार त्यास हात काढून घेण्यास अवधी देते. धावत येणारे दार देत नाही. अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी २०१० साली जी मानके ठरली, त्यांत असे आहे की, दार ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत येण्यास निदान ५ सेकंद लागले पाहिजेत. कुबड्या घेऊन चालणारा विद्यार्थी, दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा घेतलेला शिक्षक, काठी टेकीत आलेली एखाद्या मुलाची आजी, ह्या सर्वांस ही ५ सेकंदे म्हणजे सौजन्याचे माप आहे. मात्र येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बिजागरीच्या बाजूची फट ह्या यंत्राने निर्धोक होत नाही. तेथे सावकाश मिटणारे दारही बोट चेचते. त्या फटीस निराळे आच्छादन लावावे लागते.

आता प्रत्यक्ष उपायाकडे वळू. प्रथम पाहावे, मग हात लावावा. दार ९० अंशांपर्यंत उघडून सोडून द्यावे आणि ते कोठे धावते ते पाहावे. आरंभापासूनच धावत असेल, तर दोष पहिल्या मळसूत्राचा. बहुतेक वाट नीट येऊन शेवटी झेप घेत असेल, तर दुसऱ्याचा. पुष्कळ यंत्रांवर १ व २ असे आकडे किंवा इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात, त्यांवरून कोणते कोणते ते कळते. खिडक्या उघड्या असतानाच आदळत असेल, तर प्रथम वाऱ्याचा विचार करावा. दांड्याचे स्क्रू ढिले असतील तर ते आवळावे, आणि बिजागऱ्या कुरकुरत असतील तर त्यांना तेल द्यावे. ढिल्या दांड्याच्या दारावर मळसूत्र फिरविणे व्यर्थ होय. पेटीखाली किंवा दाराच्या फळीवर तेलाचे ओघळ दिसत असतील, तर त्या यंत्राचे आयुष्य संपले असे समजावे. तेथे फिरविण्याने काही होणार नाही, नवे यंत्रच बसविले पाहिजे.

हे सर्व ठीक असेल, तर स्टूल भक्कम जागी ठेवावे, एकाने ते धरावे, आणि दुसऱ्याने मळसूत्राची मूळ स्थिती पेन्सिलीने खूण करून ठेवावी. नंतर ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने किंचित् फिरवावे. बहुतेक यंत्रांत ह्या दिशेने चाल मंद होते आणि उलट दिशेने जलद होते. किंचित् म्हणजे किती? पाव फेरा पुष्कळ झाला; अर्धपाव फेरा अधिक बरा. एवढे फिरवून खाली उतरावे, दार तीन-चार वेळा उघडून सोडावे, मनात आकडे मोजावे, आणि मगच पुढचा फेरा द्यावा. ज्यास घाई आहे त्याने हे काम करू नये. दोन गोष्टी कदापि करू नयेत. मळसूत्र उलट फिरवीत पेटीच्या बाहेर येऊ देऊ नये, कारण तेल उसळून बाहेर पडते आणि यंत्र कायमचे निकामी होते. आणि पेटी कधीही उघडू नये, कारण आत दाबलेली स्प्रिंग असते व ती सुटल्यास इजा करील.

आणखी एक चूक शहाणे लोकही करितात. दार लागत नाही असे दिसले की ते स्प्रिंगेचे बळ वाढवितात. युरोपीय मानकांत हे बळ १ ते ७ अशा आकड्यांनी मोजितात, आणि दाराच्या रुंदीप्रमाणे व वजनाप्रमाणे ते निवडावयाचे असते. उदाहरणार्थ, ९५० मिलिमीटर रुंद व ६० किलोग्रॅम वजनाच्या दारापर्यंत ३ हा आकडा सांगितला आहे. बळ गरजेहून अधिक वाढविले तर दार लागेल खरे, परंतु तेवढेच बळ उघडणाराच्या अंगातून काढून घेतले जाईल. कारण, वर सांगितल्याप्रमाणे, यंत्राजवळ स्वतःचे काही नाही. मग पाचवीतील मुलगी खांद्याने रेटा देते तेव्हा कोठे दार हलते. ती आत जाते, आणि पाठीमागे दार दुप्पट जोराने येते.

आपल्या प्रांताच्या हवेचाही विचार केला पाहिजे. ऊन वाढले की पेटीतील तेल पातळ होते व दार जलद चालते. थंडीत ते घट्ट होऊन दार रेंगाळते. पौष महिन्यातील सकाळी नीट बसविलेले दार वैशाखातील दुपारी आदळू लागले, तर त्यात नवल नाही. विशेषतः ज्या दारावर पश्चिमेचे ऊन येते त्याचे तर नाहीच. पावसाळ्यात, आणि कोकणात तर फारच, लाकूड फुगते, दार चौकटीस घासते, आणि एरवी बरोबर असलेला जोर अपुरा पडतो. म्हणून एकदा बसविले म्हणजे सुटलो, असे ह्या कामात नाही. ऋतू पालटला की दारास पुन्हा एकदा पाहावे लागते.

ह्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करून आम्ही हा लेख संपवितो. पहिला आक्षेप असा की, हे शिपायाचे काम आहे. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्यात का पडावे? आम्ही उलट विचारितो की, शिपायास हे काम कोणी शिकविले आहे काय? त्याच्या हाती स्क्रू फिरविण्याचे साधन दिले आहे काय? ज्यास कोणी काही सांगितले नाही, त्याने दांडा सोडवून ठेविला तर त्यास बोल लावणे अन्यायाचे आहे. शिवाय ज्या शाळेत द्रवाची सांद्रता, बलाचा संचय आणि घर्षण हे विषय फळ्यावर शिकविले जातात, त्याच शाळेचे दार तासागणिक आदळत राहावे, ह्यापरते विद्येचे अपयश कोणते? आकृती वहीत उतरविलेली आहे आणि यंत्र डोक्यावर लटकत आहे. परंतु दोघांची भेट होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक आहे. मुलांना शिस्त लावावी, दार हळू लावण्याची सवय करावी, म्हणजे यंत्राची उठाठेव नको, असे कित्येक वडीलधारे म्हणतील. सवय चांगलीच आहे, आणि ज्या दारास यंत्र नाही तेथे ती अवश्य पाहिजे. परंतु ज्या दारास यंत्र आहे, ते आदळते तेव्हा मूल तीन पावले पुढे गेलेले असते. त्यास मागे बोलावून रागे भरणे म्हणजे यंत्राचा अपराध मुलाच्या माथी मारणे होय. तसेच दार लवकर मिटावे म्हणून ते हाताने जोराने ओढणे हेही यंत्रास अपायकारक आहे. त्यास आपल्या चालीने येऊ द्यावे. अन्यायाने ओरडा खाल्लेले मूल शिस्त शिकत नाही. वडील माणसे कारण शोधीत नाहीत, अपराधी शोधितात, एवढेच ते शिकते. हा धडा शाळेने देऊ नये.

तेव्हा आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक शाळेने आपल्या आपोआप मिटणाऱ्या दारांची एक वही करावी. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा, दिवाळीच्या सुटीनंतर, आणि उन्हाळा चढू लागतो तेव्हा, अशा तीन वेळा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या व शिपायाच्या सोबतीने प्रत्येक दार उघडून सोडावे. ते किती सेकंदांत आले, लागले की नुसते लोटलेले राहिले, आपटले की काय, तेल गळते की काय, हे त्यांनी वहीत लिहावे. जेथे अवश्य तेथे अर्धपाव फेरा द्यावा. जेथे आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेथे जाणत्या कारागिरास बोलवावे. आगीसाठी बसविलेल्या दारांस, जाणत्या माणसाने पाहिल्यावाचून, कोणी हात लावू नये. पण ती लागतात की नाही हे सर्वांनी पाहावे. ह्या कामास खर्च जवळजवळ नाही, आणि वेळ वर्षातून दोन-तीन दुपारींहून अधिक लागणार नाही.

असो. पुढे ह्यांतील कित्येक विद्यार्थी मोठ्या शहरांत उंच इमारतींत राहावयास जातील; कित्येक अशा इमारतींचे मालक, अभियंते किंवा व्यवस्थापक होतील. त्यांच्या मजल्यावरील जिन्याचे दार एखाद्या रात्री आदळू लागेल, आणि शेजारी वीट घेऊन येईल. त्या वेळी ती वीट बाजूस ठेवून, स्टूल मागवून, अर्धपाव फेरा देऊन, खाली उतरून दार सोडून पाहणारा एक तरी मनुष्य त्या मजल्यावर असावा, आणि तो आमच्या शाळांतून गेलेला असावा, एवढी आमची इच्छा आहे.